आवक-जावक

साडेचारच्या अंधारात टेम्पोनं आम्हाला सोडलं
धारूरच्या डोंगरात, पस्तिसाव्या किलोमीटरला.
दोन पिंप पाणी, पोतंभर केळी,
उकडलेले बटाटे, मिठाची पुडी वेगळी,
गूळ-शेंगदाणे, ताडपत्री,
प्रणिता सोळुंके, बी. फार्म., दुसरं वर्ष,
आणि मी.

संयोजकांनी विचारलं होतं, काका, तुम्हाला काय येतं?
म्हणलं, वेळ लिहिता येते.
एकतीस वर्षं अंबाजोगाईच्या स्टँडवर
दुसरं केलं काय?
पट्टी घेऊन रकाने आखले:
नंबर, आवक, जावक, शेरा.

आठ सतराला पहिला पोरगा आला.
पेला घेतला, पळतच प्याला,
पुढच्या वळणावर दगडाखाली दाबून ठेवला
आणि गेला.
आवक आठ सतरा. जावक आठ सतरा.
अशी गाडी माझ्या स्टँडात कधी लागली नाही.

मग रांगच.
कुणाचा तळवा सोललेला, कुणाला उलटी,
एका बँकेतल्या साहेबानं बटाटा हातात धरला,
रडला थोडा,
मग त्याला मीठ लावून खाल्ला आणि उठला.
प्रणिता पट्ट्या बांधत होती, विचारत काहीच नव्हती.

बिभीषण शेळ्या घेऊन तिथंच बसलेला.
"काय मिळायलंय ह्याहीला?"
मेडल.
"आन पैसे?"
पैसे ह्यांनीच भरलेत.
तो असा हसला की शेळ्यांनी माना वर केल्या.
एकीच्या शिंगात आमचीच केशरी फीत.
तिच्यामागं तिघं ओढ्यात उतरले होते सकाळी,
शेऱ्यात लिहिलं: शेळीमुळे विलंब.

मी पळणारी माणसं आयुष्यभर बघितली.
कडेवर लेकरू, हातात चप्पल,
बोचकं सुटलेलं,
"थांबवा हो, थांबवा" म्हणत
फाटकातून आत येणारी.
ह्यांच्यापुढं गाडीच नव्हती.

बाराला दोरी धरायची, असा नियम.
नंतर येईल त्याचा नंबर काढून घ्यायचा.
अकरा अठ्ठावन्न. एकच राहिलेला, चौसष्ट.
पलीकडच्या उतारावर, सीताफळाच्या झुडपांत
एक पिवळा ठिपका
दिसायचा, बुडायचा, दिसायचा.

असल्याच ठिपक्यासाठी मी लातूरची गाडी धरून ठेवायचो.
ड्रायव्हर हॉर्न मारायचा, आतले शिव्या द्यायचे,
मी उगाच कागद चाळायचो.

बारा चार.
रुक्साना पठाण, उदगीर, वय त्रेचाळीस.
प्रणितानं माझ्याकडं बघितलं. मी घड्याळाकडं.
पुढं खिंड, तिथं ॲम्ब्युलन्स जात नाही.
हातातली दोरी सुतळीच होती साधी,
शेळीनंही तोडली असती.

तिनंच चार पिना काढल्या एकेक,
नंबर माझ्या तळहातावर ठेवला.
"किती कमी पडलं?"
चार.
"बोरीच्या काट्यात बाही अडकली होती, सोडवत बसले.
फाडायला पाहिजे होती."
मग म्हणाली, "वेळ मात्र लिहा. आले म्हणून लिहा."
मी लिहिलं. आवक बारा चार.
जावकच्या रकान्यात रेघ मारताना
पेन चालेना, दोनदा झटकलं.

बिभीषणानं सीताफळ दिलं तिला.
ती बिया थुंकत नव्हती,
एका मुठीत जमवत होती.

टेम्पो संध्याकाळी येणार.
तोवर पुढच्या सहा किलोमीटरच्या फिती
आम्हालाच सोडायच्या होत्या,
डोंगर होता तसा करून द्यायचा.
प्रणिता सामानापाशी थांबली.
मी निघालो तर मागून पावलं.
"उंचावरच्या मी काढते," ती म्हणाली.

टाकळीवर, धावड्यावर, तारेच्या कुंपणावर
गाठी तिनं सोडल्या, मी गुंडाळल्या.
फार बोललो नाही.
दवाखान्यात रक्त तपासते म्हणाली,
सुई टोचताना लोक तोंड फिरवतात म्हणाली,
एवढंच.
खिंड आली, ओलांडली,
दोघांनीही तिचं नाव काढलं नाही.

वरून बिभीषण ओरडला,
"ओ कंट्रोलर! एक राहिली बगा,
शिंगातली!"
आणि शेळी आमच्याकडं बघून
उधळलीच.

मी सदुसष्ट वर्षांचा, ती पस्तीस किलोमीटर आलेली.
तरी पळालो दोघं, झुडपांतून, ढेकळांवरून,
ती पुढं, मी मागं,
वही राहिली प्रणितापाशी,
वेळ लिहायला कुणीच नव्हतं.